श्री. व सौ. ट्रेलरकर

अमेरिकेत चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला मराठी माणूस पुढं काय करतो, हे बहुतेक ठरलेलं असतं. कुणी फ्लोरिडात घर घेतो आणि तिथल्या घामाला ‘अगदी दादरसारखं’ म्हणून समाधान मानतो. कुणी थंडीचे महिने पुण्यात काढतो आणि पुणेकरांना लेनची शिस्त समजावतो. कुणी महाराष्ट्र मंडळाची घटना वाचायला घेतो; त्याच्यापासून मंडळानं आणि घरच्यांनी सारखंच जपून राहावं. या रुळलेल्या वाटा सोडून एक वेगळीच जमात मला न्यू जर्सीच्या आसपास दिसू लागली आहे. त्यांचं मूळ आडनाव काहीही असो, साठी उलटली की ते ट्रेलरकर होतात.

आयुष्यभर गुमान कॅम्री चालवलेली ही माणसं. निवृत्तीचा केक कापून महिना होत नाही तोच दारात एक दांडगा पिकअप ट्रक येतो आणि त्याच्या मागं जोडायला चोवीस फूट लांब नि आठ फूट रुंद घर येतं. घरात पलंग, गॅस, फ्रीज, संडास-बाथरूम, टपावर एसी, आणि टेबल खाली पाडलं की पाहुण्यांसाठी आणखी एक पलंग. अमेरिकेतले बहुतेक असे ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या पंचक्रोशीत तयार होतात. माझ्या ओळखीचे ट्रेलरकर काका तिथं जाऊन कारखाना बघून आले आहेत. काकूही गेल्या होत्या. त्यांच्या लक्षात एवढंच राहिलंय की भिंतीचे पत्रे स्टेपल मारून बसवतात, आणि हे वाक्य त्या फक्त वादळी रात्री उच्चारतात.

काका सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन आलेले इंजिनियर. आठ डॉलरची गोष्ट त्या पिढीत प्रत्येकाकडे आहे, कारण रिझर्व्ह बँक परकीय चलन तेवढंच देत असे. ट्रेलरकरांकडे मात्र तिची जोडगोष्ट आहे, दहा डॉलरची. बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना इथल्या राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीला त्याची किंमत दहा डॉलरवरून एकदम ऐंशी झाली. काकांनी तो आदल्या आठवड्यात काढला. तंबू-ट्रेलर लावायच्या सरकारी जागांचं भाडंही या पासावर बहुतेक ठिकाणी निम्मं होतं. नवा कुणी भेटला की काका आधी त्याला विचारतात, ‘तुम्ही पास कितीला घेतला?’ समोरचा ‘ऐंशी’ म्हणाला की काकांचा चेहरा असा काही कनवाळू होतो की त्या गृहस्थाला आपल्या घरी काहीतरी घडलंय अशी शंका यावी.

तयारी गणपती उठले की सुरू होते. पानांचे रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत येतात. सप्टेंबरअखेर व्हरमाँट-न्यू हॅम्पशरच्या डोंगरात, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात व्हर्जिनियाच्या शेनांडोआमध्ये. म्हणून काका आधी वर जातात आणि मग रंगांबरोबर खाली येतात. मार्गाची एक्सेल शीट असते. मुलगा फोनवरून सोपा रस्ता पाठवतो, आणि तो नेमका न्यूयॉर्कमधल्या एखाद्या पार्कवेवरून किंवा कनेक्टिकटमधल्या मेरिट पार्कवेवरून जातो. तिथले पूल ठेंगणे, ट्रेलरला बंदी. ‘तुझ्या फोनला मागचं घर दिसत नाही,’ काका म्हणतात. हे ते मुलाच्या इतर सल्ल्यांनाही लावतात.

सामान भरण्यात काकूंचं चाळीस वर्षांचं स्वातंत्र्य गेलं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढं, ट्रकच्या हुकावर यावा लागतो. मागं जड झालं की हायवेवर ट्रेलर डोलायला लागतो, आणि त्याच्याबरोबर ट्रकही. त्यामुळं काकूंनी मागच्या कपाटात ठेवलेली तांदळाची वीस पौंडी पिशवी सकाळी पुढच्या पलंगाखाली सापडते. दगडी खलबत्त्यावरून तर एकदा निघणं तासभर लांबलं. काकांनी तो ‘अनावश्यक भार’ म्हणून गराजमध्ये उतरवून ठेवला होता. काकूंनी ट्रकमध्ये बसून शांतपणे विचारलं, ‘तुमच्या टूलबॉक्सचं वजन केलंत का हो?’ खलबत्ता पुढच्या पलंगाखाली, तांदळाशेजारी गेला.

पण ट्रेलरकरांना बघायचं तर ते कॅम्पग्राउंडवर पोचतात त्या वेळी. संध्याकाळचे पाच. दोन्ही बाजूंना आधीच स्थिरस्थावर झालेली अमेरिकन निवृत्त मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. हातात काहीतरी थंड, पायाशी एक छोटं कुत्रं. कुणी नवीन आलं की या खुर्च्या पाच-दहा अंशांनी वळतात. कारण ट्रेलर रिव्हर्स घेऊन आपल्या जागेत घालणं हा तिथला संध्याकाळचा खेळ आहे. तिकीट नाही आणि नट बदलते असतात.

यातलं शास्त्र असं की स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. यावर तोडगाही सोपा आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. काकांना हे कागदावर बाणांसकट काढून दाखवता येतं. काकू मागं उभ्या राहतात. वॉकीटॉकी आहे, पण ती काकूंच्या पर्समध्ये आहे आणि पर्स ट्रकमध्ये. मग त्या गिरगाव-लालबागच्या मुलीला जे उपजत येतं ते करतात.

‘येऊ दे... येऊ दे... येऊ दे... अहो, डावीकडे!’

‘तुझी डावी की माझी?’

‘झाडाची डावी!’

‘झाडाला डावी नसते, अगं!’

‘तुम्ही आणखी मागं आलात तर झाडच नसेल! बास... बास्स!’

‘बास’ म्हणताना काकू ट्रेलरच्या पत्र्यावर हात मारतात. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला. एसटीच्या घंटीचा नियम. घोटाळा असा की रागात एक थाप पडत नाही, दोनच पडतात, आणि काका आज्ञाधारकपणे पुढं येतात. मग सगळं पहिल्यापासून. अखेर ट्रेलर जागेत बसतो, चाकांना पाचरी लागतात, पाणसळ बघून एका बाजूखाली ठोकळे सरकतात, आणि खुर्च्यांमधून टाळ्या पडतात. काका ट्रकमधून उतरून हात उंचावतात. काकू विचारतात, ‘हे कशाला हात करतायत? ढकललं मी.’

इथवर हे जोडपं शेजारच्या अमेरिकन जोडप्यापेक्षा फारसं वेगळं नाही. तिकडेही भांडण हेच असतं, फक्त हळू आवाजात. वेगळेपण नंतर उमजतं. ट्रेलरच्या आयुष्यात अमेरिकन माणसाला ज्या ज्या गोष्टीचा जाच होतो, तिथं ट्रेलरकर खुलतात. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची, म्हणजे तेवीसेक लिटर. शेजारचे गृहस्थ साबण लावून बोंबलत बाहेर येतात. काकू बादलीत पाणी काढून तांब्यानं दोघांच्या आंघोळी उरकतात आणि वर थोडं भांड्यांना ठेवतात. वीज तीस अँपिअरची. एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की अंधार. काकूंना हे सांगावं लागत नाही. ‘मिक्सर लावतेय गं’ अशी आरोळी देऊन मगच बटण दाबायचं, हे त्यांच्या हाडात आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलेली ही दोघं. पुढं न्यू जर्सीत त्यांनी साडेतीन हजार चौरस फुटांचं घर बांधलं. तिथं ती एकमेकांना फोन करून जेवायला बोलवत. कॅम्पग्राउंडवर त्यांना चाळीस वर्षांनी पुन्हा चाळ सापडली. पातळ भिंती, पलीकडच्याचा खोकला, नळावर गप्पा, कुणाकडे काय शिजतंय याची सगळ्यांना खबर. पहिला प्रश्नही ओळखीचा, ‘कुठले तुम्ही?’ पगार नाही, पद नाही. दुसरा प्रश्न तेवढा नवा, ‘किती फूट?’

शिजण्यावरून आठवलं. चोवीस फुटांत फोडणी दिली की धुराचा अलार्म कोकलतो. पहिल्या वर्षी काकांनी टॉवेलनं वारा घालून पाहिला. दुसऱ्या वर्षापासून फोडणी बाहेरच्या लाकडी बाकावर, छोट्या शेगडीवर. लाल मिरची तेलात पडली की वाऱ्याच्या दिशेचे तीन ट्रेलर शिंकतात आणि मग एकेक जण वाटी घेऊन येतो. इकडे काळ्या अस्वलांचा वावर असतो. अन्न उघड्यावर ठेवू नका अशी सक्त ताकीद असते. हिंगानं अस्वल येतं की पळतं, यावर काकांनी रेंजरचं मत विचारलं होतं. रेंजरनं डबी हुंगली आणि ती बंद ठेवावी असं सांगितलं.

एका बाबतीत मात्र चाळीचा अनुभव कामाला येत नाही. ट्रेलरला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, करडी आणि काळी. कोणती कशाची ते रंगावरून समजावं. त्या रिकाम्या करणं हे काकांचं खातं. आधी काळीची झडप उघडायची, मग करडीची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. हा क्रम ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या वेळी समजावतात. हातमोजे घातलेले काका झडप ओढतात तेव्हा काकू वाऱ्याची दिशा पाहून लांब उभ्या असतात. ‘आमच्याकडे चार बिऱ्हाडांत एक संडास होता,’ त्या मला म्हणाल्या, ‘रांग होती, पण हे नव्हतं.’ काम झाल्यावर काकांना आंघोळीवाचून कशालाही शिवायची परवानगी नाही. बासष्टाव्या वर्षी सोवळं असं मागच्या दारानं येईल, असं त्या सुधारक इंजिनियरला कधी वाटलं नसेल.

पानं बघायला आलो आहोत, हे या सगळ्यात राहून जातं. त्यांचं आणि आता माझंही. पण पानं असतात, आणि काय असतात! साखरमेपलची शेंदरी, लाल मेपलची रक्तासारखी, बर्चची हळदी. दिवस लहान नि गार होऊ लागले की हरितद्रव्य विरतं आणि आत आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो. लाल मात्र झाड शरदातच नव्यानं बनवतं, आणि स्वच्छ उन्हाचे दिवस नि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री मिळाल्या तर तो भरपूर बनतो. काका हे सांगत असतात, काकू ‘अय्या’ म्हणतात, आणि ते ‘अय्या’ शास्त्राला आहे असं काकांना वाटतं. दसरा वाटेतच कुठंतरी येतो. आपटा नाही, म्हणून मेपलची पानं. तीही उद्यानाच्या हद्दीत उचलायची नाहीत. काका नियमाला पक्के. हद्दीबाहेरच्या पेट्रोल पंपावर उतरून, पडलेलं एक चांगलं पान शोधून ते काकूंच्या हातात देतात. ‘सोनं घे.’ काकू पान उलटून बघतात. ‘याला कीड आहे.’ आणि पर्समध्ये ठेवतात, वॉकीटॉकीशेजारी.

शेनांडोआच्या स्कायलाइन ड्राइव्हवर, एकशेपाच मैलांच्या डोंगरमाथ्याच्या रस्त्यावर, मेरीज रॉकचा बोगदा आहे. उंची बारा फूट आठ इंच. काकांचा ट्रेलर एसीसकट दहा फूट नऊ इंच. हे त्यांनी शिडी लावून मोजलंय, शीटमध्ये लिहिलंय, आरशाला चिकटवलंय. तरी बोगदा आला की काका ताशी पस्तीस मैलांच्या मर्यादेवरून दहावर येतात, मागं गाड्यांची रांग लागते, आणि ट्रकमध्ये बसलेल्या काकू मान खाली घालतात.

मुलाला यातलं काही पटत नाही. त्यानंही शीट केली आहे: ट्रेलर ओढताना ट्रक गॅलनला दहा मैल देतो, विमा, टायर, आणि वर सोसायटीच्या नियमानुसार दारात उभा करता येत नाही म्हणून गोदामाचं भाडं. एवढ्यात उत्तम हॉटेलं झाली असती. काकांनी ती शीट नीट वाचली आणि एकच शंका विचारली, ‘चादरी किती वेळा धुतात, तो कॉलम कुठाय?’

नोव्हेंबरात परत आल्यावर नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, आणि ते भरता भरता दरवर्षी ठरतं की आता बास, विकून टाकू. गुडघे दुखतात, काळी टाकी झेपत नाही. गेल्या वर्षी तर जाहिरातही दिली. तिशीतलं एक जोडपं बघायला आलं. काकांनी मुलगी दाखवताना करावी तशी चौकशी केली: कुठं काम, कुठं जाणार, हुकावरचा भार माहीत आहे ना. शेवटी म्हणाले, ‘जरा रिव्हर्स घेऊन दाखवा.’ मुलगा बसला. मुलगी मागं गेली, फोनवर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र लावून उभी राहिली, एकदा बोट हलवलं. ट्रेलर एका दमात, रेघेत, दोन खांबांमधून आत. कुणी अवाक्षर बोललं नाही.

काका खूश झाले. किमतीचं बोलणार, एवढ्यात काकूंनी त्यांना बाजूला घेतलं.

‘यांना नको द्यायला.’

‘का? इतकं छान घेतलंन त्यानं.’

‘अहो, बोलत नाहीत ती एकमेकांशी. काहीतरी बिनसलंय त्यांचं. आपला ट्रेलर कशाला त्यात!’