नानांचा सदतिसावा आठवडा

एडिसनमधल्या नानांच्या घरात पूर्ण किमतीला घेतलेली वस्तू एकच, ती म्हणजे खुद्द घर. आणि त्याची खंत नानांना अजून आहे. बाकी सगळं सेलमध्ये, कुणाच्या तरी गॅरेजमधून, किंवा खोक्याला पोचा आलाय म्हणून निम्म्या किमतीत घरात शिरलेलं. सोफा जांभळा का, असं त्या घरात विचारायचं नसतं. त्या दिवशी जांभळ्यावर सत्तर टक्के सूट होती.

नाना मूळचे वाईकडचे. वडील तलाठी. कराडच्या कॉलेजातून सिव्हिल होऊन नाना ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत आले, रस्ते-पूल करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तीस वर्षं राबले आणि रिटायर झाले. पण बोलताना दर दहा वाक्यांनी वडील येतातच. "बाबा म्हणायचे, जमीन नंतर बघ, आधी उतारा बघ." ओक ट्री रोडवर भाजी घेतानाही नाना हे ऐकवतात. गवारीचा उतारा कुठून काढायचा, हा प्रश्न मला पडतो. त्यांना पडत नाही.

तर अशा माणसाने एका रात्री, माई झोपल्यावर, ऑनलाइन लिलावात एका डॉलरला ऑर्लँडोचा टाइमशेअर घेतला. उतारा न बघता.

अमेरिकेतला टाइमशेअर म्हणजे बऱ्याचदा चक्क खरेदीखत असतं. रिसॉर्टमधल्या एका घराचा वर्षातला एक आठवडा कौंटीच्या दफ्तरी तुमच्या नावावर चढतो. एका घराचे असे एकावन्न-बावन्न मालक. रिसॉर्टवाल्याकडून नवा घ्यायचा तर पंधरा-वीस हजार डॉलर सहज मोजावे लागतात. त्यासाठी ते तुम्हाला फुकट नाश्ता आणि थीम पार्कची तिकिटं देऊन दीड तास समोर बसवतात. त्या दीड तासात भलेभले सही करतात. नाना कधीच करायचे नाहीत. नाश्ता करायचे, प्रश्न विचारायचे, जेवणाची वेळ झाली की जेवणाची चौकशी करायचे. समोरचा सेल्समन आधी आपल्या मॅनेजरला बोलवायचा, मॅनेजर त्याच्या मॅनेजरला, आणि शेवटी तिघं मिळून नानांना तिकिटं देऊन दारापर्यंत सोडायचे. नातवंडांनी डिस्ने पाहिलं ते अशा सभांच्या पुण्याईवर.

मला वाटतं, नाना फसले ते समोर सेल्समन नव्हता म्हणूनच. नकार द्यायला माणूसच नाही, मग करायचं काय? स्क्रीनवर एक आकडा होता, खाली उलटी धावणारी सेकंदं होती, आणि बोली लावणारं दुसरं कुणीही नव्हतं. शहाण्या माणसाला यातच सावधगिरीची घंटा ऐकू आली असती. नानांना वाटलं, अख्ख्या अमेरिकेत हे आपल्या एकट्याच्याच लक्षात आलंय.

ईबेवर १९९५ साली सगळ्यात आधी विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटना. साइटच्या संस्थापकाने घेणाऱ्याला विचारलं, बाबा रे, हा मोडका आहे हे ठाऊक आहे ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. ही कथा मी नानांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याला निदान आधी सांगितलं होतं."

नानांना काय सांगितलं होतं? जाहिरातीत दर तीन शब्दांमागे उद्गारचिन्ह होतं. ऑर्लँडो! दोन बेडरूम! रेड वीक! दरवर्षी! दोन वर्षांचा मेंटेनन्स भरलेला! बोली एक डॉलर, आणि कागदपत्रं करून देण्याचे ३९९. एक डॉलरचा चेक विक्रेत्याला, ३९९ त्याने सुचवलेल्या कंपनीला क्रेडिट कार्डाने. नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ही बातमी जाहीर केली. माई म्हणाल्या, "एका डॉलरला घर देणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर पळून चाललेला."

पळूनच चालला होता. टाइमशेअरची गोम त्याच्या किमतीत नसतेच, ती वार्षिक मेंटेनन्समध्ये असते. तुम्ही जा किंवा जाऊ नका, दरवर्षी हजार-बाराशे डॉलर भरायचे, रिसॉर्टचं छप्पर गळलं की वर जास्तीची वर्गणी. म्हातारपणी लोकांना प्रवास झेपत नाही, पण बिल चुकत नाही. म्हणून मूळ मालक तो फुकट द्यायलाही तयार असतात. नाना एका डॉलरला आठवडा नव्हे, कुणाचं तरी बिल विकत घेत होते.

तीन आठवड्यांनी रिसॉर्टकडून येणेबाकीचा दाखला आला. इकडे त्याला एस्टॉपेल म्हणतात. घर खरं तर दोन बेडरूमचंच, पण 'लॉक-ऑफ': मधलं दार बंद केलं की त्याची दोन घरं होतात, आणि विक्रीला त्यातला लहान तुकडा होता. फोटो अर्थातच दार उघडं ठेवून काढलेले. आठवडा दरवर्षीचा नव्हता, फक्त विषम सालांचा. मेंटेनन्स भरलेला नव्हता, १,७४० डॉलर थकले होते. आणि आठवडा होता सदतिसावा.

सदतिसावा म्हणजे सप्टेंबरचा मध्य. न्यू जर्सीत नातवंडांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. फ्लोरिडाच्या बाजूला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा ऐन भर १० सप्टेंबरच्या सुमाराला. माई म्हणाल्या, "वादळ बघायला तिथवर कशाला जायचं?" आणि नानांकडे बघून चहाचे कप उचलून आत गेल्या.

'रेड वीक' मात्र खोटं नव्हतं, आणि नानांना सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआय या १९७४ सालच्या कंपनीने मागणीप्रमाणे लाल, पांढरा, निळा असे रंग ठरवले. ऑर्लँडोला बहुतेक वर्षभर लालच. म्हणजे विक्रेत्याने एवढी एक गोष्ट खरी सांगितली होती, आणि ती कुणालाही सांगता आली असती.

दुसरा कुणी असता तर चिडला असता, किंवा लाजून गप्प बसला असता. नाना तळघरात गेले आणि एक रिकामी फाइल घेऊन वर आले. मार्करने तिच्यावर प्रकरणाचं नाव लिहिलं, खाली तारीख टाकली. माईंनी ते पाहिलं आणि दिवाळीपर्यंत फराळाच्या कामात यांची मदत धरायची नाही हे मनाशी नक्की केलं. पंधरा दिवस मरगळलेला माणूस एकदम तरतरीत दिसू लागला. फसवणूक झाली होती, म्हणजे कागद होते. आणि कागद असले की तलाठ्याच्या मुलाला कशाचीच भीती नसते.

आधी त्यांनी जाहिरातीचं पानन्‌पान छापून घेतलं, कारण अशी पानं काही दिवसांनी गायब होतात. मग साइटची पैसे परत देण्याची हमी वाचून काढली. ती बुटांना होती, कॅमेऱ्याला होती, स्थावर मालमत्तेला नव्हती. मग फ्लोरिडाच्या कायद्याचं ७२१वं प्रकरण. त्यात दहा दिवसांत करार रद्द करण्याची सोय सापडली तेव्हा नानांनी मला फोन करून बोलावलं. मी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. ती सोय रिसॉर्टच्या विकसकाकडून नवा टाइमशेअर घेणाऱ्यासाठी होती. लिलावात एका डॉलरला घेणाऱ्याचा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनाला शिवला नव्हता.

संध्याकाळी पुन्हा फोन. आता आवाज वेगळा होता. "उतारा काढला!"

ऑर्लँडो ज्या ऑरेंज कौंटीत आहे तिथली खरेदीखतं घरबसल्या नाव टाकून शोधता येतात. नानांनी विक्रेत्याचं नाव टाकलं आणि खतांची रांगच लागली. म्हाताऱ्या मालकांकडून "तुमचा टाइमशेअर उतरवून घेतो" म्हणून आधी दोन-तीन हजार डॉलर घ्यायचे, आणि मग तोच आठवडा कुणा नानाच्या गळ्यात एका डॉलरला अडकवायचा. हा धंदा अमेरिकेत जुना आहे, पण नानांनी तो स्वतः शोधून काढला असल्यामुळे त्यांना कोलंबसाचा आनंद झाला. "देणाऱ्याकडून पैसे, घेणाऱ्याकडून पैसे!" ते आदराने म्हणाले. "आमच्याकडच्या तलाठ्यांनाही हे जमलं नसतं." मग घाईने, "बाबा सोडून बोलतोय मी."

दुसरा शोध पाकिटावर लागला. विक्रेता आणि कागदपत्रं करून देणारी ती 'स्वतंत्र' कंपनी, दोघांच्या पाकिटांवर पत्ता एकच, 'सूट' नंबरासकट. नानांनी नकाशावर बघितलं तर ते टपालपेट्या भाड्याने देणारं दुकान निघालं. दोघंही एकाच खणात राहत होते. तेव्हापासून नाना कुठलंही पाकीट टाकत नाहीत. वाढदिवसाच्या कार्डाचंसुद्धा नाही.

खत अजून नोंदलं गेलं नव्हतं, हे नानांचं नशीब. रिसॉर्टला असा आठवडा आधी स्वतः घेण्याचा हक्क असतो. तो हक्क सोडल्याचं पत्र यायचं होतं, म्हणून कागद अडकले होते. कौंटीचा कारकून खतातला मजकूर खरा की खोटा हे तपासत बसत नाही. कागद रीतसर असला आणि फी भरली की शिक्का. म्हणजे घाई करायला हवी होती. "घेणाऱ्याने हात पुढे केला नाही तर देणं पुरं होत नाही," असं म्हणून नानांनी एकाच दिवशी तीन पत्रं पाठवली. विक्रेत्याला: हे खत मला मान्य नाही, नोंदवू नका. रिसॉर्टला: माझं नाव तुमच्या वहीत चढवू नका, सोबत पुरावे अ ते फ. त्या कंपनीला: माझे ३९९. तिन्ही सर्टिफाइड, पोचपावतीसह. ती हिरवी पोचकार्डं परत यायला लागली तशी नानांनी मला एकेक दाखवली, नातवाचे फोटो दाखवावेत तशी.

क्रेडिट कार्डाच्या तक्रारीला १९७४ सालच्या कायद्याने बिलापासून साठ दिवसांची मुदत आहे, आणि ती लेखी द्यावी लागते. नानांनी लेखी दिलीच, पण हौस म्हणून फोनही केला. पलीकडच्या मुलीने ठरलेला प्रश्न विचारला: माल मिळाला नाही, की सांगितल्यापेक्षा वेगळा मिळाला?

"माल म्हणजे सप्टेंबर महिना आहे," नाना म्हणाले. "तो तसा सगळ्यांना दरवर्षी मिळतो. मला एक वर्षाआड मिळणार आहे."

त्या मुलीने त्यांना सुपरवायझरकडे दिलं. सुपरवायझरने पुढे. नानांच्या दृष्टीने हे त्या जुन्या नाश्त्यांसारखंच होतं, फक्त नाश्ता नव्हता.

मधल्या काळात नानांचा नंबर कुठल्या तरी यादीत गेला आणि तारणहारांचे फोन सुरू झाले. "तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी बाराशे डॉलर भरा." एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवणं सोपं, हा त्यांचा हिशोब. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरही ठरतो, म्हणूनच सरकारी खाती आगाऊ पैसे मागणाऱ्यांबद्दल पुन्हा पुन्हा बजावत असतात. पण नानांसाठी ही करमणूक होती. फोन स्पीकरवर टाकून ते मेथी निवडायला बसायचे. तुमचं लायसन्स कुठल्या राज्याचं? गिऱ्हाइकाला सदतिसावाच आठवडा का हवा? त्याला वादळं आवडतात का? जुडी निवडून व्हायच्या आत समोरचा फोन ठेवून द्यायचा. माईंच्या मते त्या वर्षी घरात मेथी जरा जास्तच झाली.

अडीच महिन्यांनी कार्डवाल्यांनी ३९९ डॉलर परत जमा केले. रिसॉर्टने कळवलं की आमच्या दफ्तरी तुमचं नाव नाही आणि नव्हतं. आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं, माईंनी शिरा केला. नाना शिरा खाताना म्हणाले, "एक डॉलर राहिला."

तो चेकने गेला होता, त्यामुळे कार्डवाल्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. नानांनी विक्रेत्याला पत्र लिहिलं. मग दुसरं लिहिलं. स्मॉल क्लेम्स कोर्टाची फी ३५ डॉलर आहे आणि जिंकलं तर खर्चही मागता येतो, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं. फ्लोरिडाच्या टाइमशेअर खात्याकडे आणि विक्रेत्याच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रारीच्या प्रती गेल्या. यातलं नेमकं काय लागू पडलं कोण जाणे, पण एक दिवस त्या टपालपेटीतून एक पाकीट आलं आणि त्यात एक डॉलरचा चेक निघाला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्व दाव्यांपोटी, फुल अँड फायनल'.

"अहो, आता टाका एकदाचा बँकेत," माई म्हणाल्या.

नानांनी चष्मा काढला. असा चेक वटवला की वाद मिटला असं कायदा धरतो, हे ते वाचून बसले होते. मग टपालखर्चाचं काय? छपाईच्या शाईचं काय? पोचपावतीसह एका सर्टिफाइड पत्राला नऊ-दहा डॉलर पडतात. त्यांनी चेक मॅग्नेटखाली फ्रिजवर लावला आणि टपालाचा हिशोब मांडायला घेतला. चेक तिथेच राहिला. उन्हाळ्यात माई मैत्रिणींबरोबर जर्सीच्या किनाऱ्यावर चार दिवस जाऊन आल्या, पूर्ण किमतीच्या हॉटेलात. नाना घरीच होते, परिशिष्ट तयार करत.

सहा महिने उलटले की चेक वटवायला बँक बांधील राहत नाही. ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नाना सकाळी पोस्टात गेले आणि विक्रेत्याला एक सर्टिफाइड पत्र टाकून आले: तुमचा चेक शिळा झाला आहे, कृपया नवा पाठवावा, आणि पाठवताना कोपऱ्यात काहीही लिहू नये.