पुढे कोण, मागे कोण

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामध्ये छातीइतकी भिंत आहे. भिंत त्यांची, तिच्यावर ओणवलेला पेरू आमचा आणि पेरू टोचणारे पोपट दोघांचे. भिंतीच्या अलीकडे आमची गल्ली, पलीकडे त्यांची. दोन्ही गल्ल्यांचे गणपती वेगळे आणि गेल्या वर्षापासून दोन्ही मंडळांचं बोलणं बंद. विसर्जनाला चौकात दोन ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून पावणेदोन तास उभे होते. भांडण एवढंच, की पुढे कुणी जायचं. आमच्या मंडळाचे चिटणीस आमचे हे, त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष काका. तेव्हापासून दोघं दुधाला जातानासुद्धा वेळा सांभाळतात. आम्ही बायकांनी भिंत मात्र चालू ठेवली आहे.

काकू सहा महिने लेकीकडे होत्या, लंडनजवळ स्लाऊला. आल्या त्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून उभ्या.

“अगं, बॅग उघडायच्या आधी तुला सांगते. लेकीच्या समोरच्या घरात एक म्हातारा राहतो. लिव्हरीवाला.”

“अगबाई! काय झालं त्याच्या लिव्हरला?”

“लिव्हर नव्हे गं, लिव्हरी! माणूस ठणठणीत आहे. चाळीस वर्षं लंडनात काळी टॅक्सी चालवली त्यानं. आता तो टॅक्सीवाल्यांच्या लिव्हरी कंपनीत आहे. आणि ह्या वयात त्याची चैन बघशील तर! आज जेवण, उद्या शर्यत, परवा मिरवणूक. आपल्या काकांना बँकेतून रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, अजून महाबळेश्वर दाखवतायत.”

आतून काकांचा खाकरा ऐकू आला. काकूंनी आवाज वाढवला.

मग त्यांनी मला सगळं सुरुवातीपासून सांगितलं. लिव्हरी म्हणजे ठरलेला पोशाख. लंडनच्या जुन्या गावठाणाला तिथे नुसतं ‘सिटी’ म्हणतात. तिथे पूर्वी एकेका धंद्याची पंचायत होती: मासेवाल्यांची वेगळी, सोनारांची वेगळी, शिंप्यांची वेगळी. माल कसा असावा, भाव काय, उमेदवार कुणी ठेवायचा, हे सगळं पंचायत ठरवायची आणि सणावाराला आपापल्या रंगाचे झगे घालून मिरवायची. त्याच ह्या कंपन्या. आज शंभरावर आहेत.

“म्हणजे बारा बलुतेदारच म्हणा की.”

“अगं, तिथेही मानाचे बाराच! १५१५ साली कुणाचा नंबर कितवा ते ठरवून टाकलं. पहिल्या बारांना ‘ग्रेट ट्वेल्व्ह’ म्हणतात. पण बलुतेदार कसले, सगळे शेठजी. पहिला नंबर रेशमी कापडवाल्यांचा, दुसरा किराणावाल्यांचा. त्या किराणावाल्यांच्या चिन्हावर उंट आहे आणि उंटाच्या पाठीवर मिऱ्यांची पोती. ते मूळचे मिरीवाले ना!”

“मिरी आपल्याकडचीच असणार.”

“नाहीतर काय! मिरी पिकवणारा मलबारात राहिला आणि हॉल बांधला त्यांनी.”

धनुष्य करणाऱ्यांची कंपनी अजून आहे. बाण करणाऱ्यांची वेगळी आहे. चिखलातून चालताना जोड्याखाली बांधायच्या खडावा करणाऱ्यांचीसुद्धा आहे. मी विचारलं, आज धनुष्य घेतं कोण?

“कुणी नाही. पण जेवायला सगळे येतात!” काकू हसल्या. “आता त्यात डॉक्टर, वकील, हिशेबनीस, कुणीही असतं. बापामुळे हक्कानं आत जाता येतं, कुणाच्या हाताखाली उमेदवारी करून जाता येतं, नाहीतर पैसे भरून. टॅक्सीवाल्यांसारखे खरोखरचा धंदा करणारेही आहेत.”

“आणि एकत्र येऊन करतात काय?”

“जेवतात, मिरवतात, सहली काढतात आणि वर्गणी गोळा करतात.”

“अहो काकू, हे तर आपलं मंडळच झालं!”

“तेच तर!” काकू म्हणाल्या आणि पेरू तोडून घेतला. आमचाच.

काकूंनी पाहिलेली पहिली मजा फेब्रुवारीतली. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, लोणी संपवून टाकायची आणि पॅनकेक खायचे.

“म्हणजे गटारी.”

“गटारीच, पण धिरड्यांची. सिटीच्या गिल्डहॉलसमोर मोठं अंगण आहे. तिथे ह्या कंपन्यांची धिरड्याची शर्यत लागते. हातात तवा, तव्यात धिरडं आणि पळायचं. कंपनीचे अध्यक्ष, त्यांना मास्टर म्हणतात, ते काठाला फर लावलेला झगा आणि गळ्यात सोन्याचं पदक घालून पळतात. आपल्या अध्यक्षांना गल्लीच्या टोकाशी जायला रिक्षा लागते.”

आत पुन्हा खाकरा.

पण काकूंना शर्यतीपेक्षा भावली ती वाटणी. शर्यत भरवायची कोंबडीवाल्यांनी, अंडी त्यांची. लिंबं फळवाल्यांची. पळणाऱ्यांना हातमोजे मोजेवाल्यांनी द्यायचे, खायला काटे सुऱ्याकात्र्यावाल्यांनी. बंदूकवाल्यांनी बार काढायचा की पळायला सुरुवात. वेळ कोण मोजणार? घड्याळवाले. जेमतेम २००४ सालापासूनचा हा खेळ, पण बघताना वाटतं चारशे वर्षं चालू असेल.

“वर्गणी मागायला नको, रुसवा नको,” काकू म्हणाल्या. “जो तो आपल्या घरातलं आणतो.”

जुलैत तर रोज काहीतरी. गाडीवाल्यांच्या कंपनीचा एक दिवस असतो. त्याच गिल्डहॉलच्या अंगणात हातगाडीपासून घोडागाडी, वाफेवरचा ट्रक, जुनी बस असं सगळं रांगेनं येतं. प्रत्येक गाडीवर लाकडी फळी. मास्टर तापवून लाल केलेली सळई घेऊन त्या फळीवर वर्षाचं अक्षर डागतात, चर्रकन धूर निघतो आणि गाडी पुढे जाते.

“आरटीओचं पासिंग,” मी म्हणाले.

“एजंटाशिवाय!”

आणि मग हंस. हे सांगताना काकूंनी पदर खोचला. राणी-राजाच्या गोष्टींत त्यांचा जीव. थेम्स नदीत मोकळ्या, खूण नसलेल्या हंसांवर हक्क राजाचा. पण पंधराव्या शतकापासून दोन कंपन्यांनाही नदीत हंस बाळगायचा मान आहे: दारूवाल्यांना आणि रंगाऱ्यांना. दर जुलैत तिसऱ्या आठवड्यात राजाची माणसं आणि ह्या दोघांची माणसं मिळून सहा होड्या वल्हवत निघतात. सनबरीहून अबिंग्डनपर्यंत पाच दिवस. पिल्लं दिसली की ‘ऑल अप!’ अशी आरोळी. होड्या गोल करून हंसांच्या कुटुंबाला घेरायचं, अलगद उचलायचं, मोजायचं, वजन करायचं, दुखलंखुपलं बघायचं. आईबाप कंपनीचे असतील तर पिल्लाच्या पायात कंपनीचं कडं. राजाचे असतील तर मालकीची खूण न करता सोडून द्यायचं.

“पूर्वी कडं नव्हतं. चोचीवर खाच करायचे. रंगाऱ्यांची एक खाच, दारूवाल्यांच्या दोन. खाचेला तिथे ‘निक’ म्हणतात. आणि लोकांनी त्या ‘निक’चं केलं ‘नेक’! म्हणून तिथे दारूच्या गुत्त्यांना नाव असतं ‘दोन मानांचा हंस’. पाटीवर चित्रसुद्धा दोन मानांचं. मी म्हटलं जावयाला, आमच्याकडे ‘ध’चा ‘मा’ केला तर खून पडला, तुमच्याकडे नुसता हंस वाढला.”

विंडसरचा किल्ला लेकीच्या घरापासून जवळच. काकू काठावर छत्री घेऊन उभ्या होत्या. होड्या किल्ल्यासमोर आल्या, लाल अंगरख्यातले वल्हवणारे डुगडुगत्या होडीत ताठ उभे राहिले, वल्ही आकाशाकडे केली आणि राजाला ‘हंसांचा धनी’ म्हणून सलामी दिली.

“आणि मग खातात का ते हंस?”

“पूर्वी मेजवानीत खायचे. आता नाही हो. आता नुसती शिरगणती. एक पिल्लू तर मी हात लावण्याइतकं जवळून बघितलं. राखाडी, कापसाच्या बोळ्यासारखं. त्याचं वजन घेताना त्याची आई वल्ह्याशेजारी बसून असं बघत होती ना, अगदी बालवाडीच्या दारात उभी राहिल्यासारखी.”

म्हाताऱ्यानं जावयाला एका जेवणाला पाहुणा म्हणून नेलं होतं. तिथे जेवण झालं की दोन कानांचा, झाकणाचा मोठा पेला फिरतो.

“सगळ्यांनी एकाच पेल्यातून? उष्टं?”

“प्रत्येकानं काठ पुसून पुढे द्यायचा. पण खरी मौज पुढेच आहे. थांब, दाखवतेच.” काकूंनी हाक मारली, “अहो! बाहेर या.” आणि नेमके त्याच वेळी आमचे हे पंपाचं बटण बघायला अंगणात आले. काकूंनी त्यांनाही सोडलं नाही. “भाऊजी, तुम्ही तिकडून भिंतीला पाठ लावून उभे राहा. अहो, तुम्ही इकडून. पाठीला पाठ.”

मधे भिंत होती म्हणून दोघंही उभे राहिले. काकूंनी आतून झाकणाचा तांब्या भरून कोकम सरबत आणलं, काकांसमोर उभ्या राहिल्या, वाकून नमस्कार केला आणि उजव्या हातानं झाकण उचललं.

“आता तुम्ही प्या. माझा उजवा हात झाकणात अडकलाय, म्हणजे मी खंजीर काढू शकत नाही. आणि पाठीमागे भाऊजी उभेत, ते तुमची पाठ राखतायत.”

“मी?” हे म्हणाले.

“तुम्हीच. इंग्लंडात ९७८ साली एडवर्ड नावाचा कोवळा राजा पेला तोंडाला लावून पीत असताना त्याला भोसकलं. लोक सांगतात, सावत्र आईनं करवलं. त्याची आठवण म्हणून पिणाऱ्याची पाठ दुसऱ्यानं राखायची.”

“म्हणजे नारायणराव पेशवे,” काका तांब्यातूनच म्हणाले. वर्षभरात ह्यांच्या उपस्थितीत काढलेलं पहिलं वाक्य.

“पण तिथे पाठ राखायला धावलेला नोकरही मारला गेला,” हे भिंतीकडे पाठ ठेवूनच म्हणाले. इतिहास निघाला की ह्यांना गप्प बसवत नाही.

काकूंनी पदराच्या टोकानं तांब्याचा काठ पुसला आणि तांब्या भिंतीवरून ह्यांच्या हातात दिला. आता पाठ राखायची पाळी काकांची. ते हलले नाहीत, हेच खूप झालं.

“आता दोघं जागेवर आहात तर ऐका,” काकू म्हणाल्या. मला तेव्हा कळलं, की लिव्हरीचं पुराण ह्या एका गोष्टीसाठी लावलं होतं. “मानाच्या बारांत शिंपी आणि कातडीवाले ह्यांचं वाकडं होतं. मिरवणुकीत सहावा कोण आणि सातवा कोण, ह्यावरून. नुसतं वाकडं नाही, हाणामारीपर्यंत गेलं. शेवटी १४८४ साली लंडनचे महापौर रॉबर्ट बिलेस्डन ह्यांनी निवाडा दिला. एक वर्ष हे सहावे, ते सातवे. पुढच्या वर्षी ते सहावे, हे सातवे. दर ईस्टरला नंबर बदलायचा. आणि दर वर्षी ह्यांनी त्यांना आपल्या हॉलमध्ये जेवायला बोलवायचं, त्यांनी ह्यांना.”

“अजून पाळतात?” ह्यांनी विचारलं.

“अजून! शिंप्यांचा हॉल जिथे आहे त्या रस्त्याचं नाव थ्रेडनीडल, म्हणजे सुईदोरा. तिथे कातडीवाले जेवायला जातात. आता त्यांच्यात ना कुणी शिवत, ना कुणी कातडं कमावत. जेवतात मात्र न चुकता. घोळ झाला की इंग्रजीत ‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ म्हणतात, ते ह्यांच्यावरूनच, असं म्हातारा सांगतो. जावई म्हणतो, ती म्हण ह्या भांडणाहून जुनी आहे. म्हण कुणाची का असेना, जेवण खरं आहे.”

थोडा वेळ नुसते पोपट बोलत होते.

“पण नुसतं जेवून काय होतं?” काकांनी अध्यक्षांच्या आवाजात विचारलं.

काकूंनी तेही उत्तर तयार ठेवलं होतं. १९९४ सालापासून लंडनचे टॅक्सीवाले गंभीर आजारी असलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना पॅरिसच्या डिस्नेलँडला नेतात. शंभराच्या आसपास काळ्या टॅक्सी, एकामागे एक, समुद्र ओलांडून. डॉक्टर, रुग्णवाहिका बरोबर. ही सहल त्या म्हाताऱ्याची कंपनीच काढते. म्हातारा दोनदा गेला होता. एका मुलीनं वाटेत त्याच्या टॅक्सीच्या काचेवर आतून चिकटवलेली चांदणी त्यानं अजून काढलेली नाही. टॅक्सी विकली तेव्हा काच मागून घेतली. ती त्याच्या दिवाणखान्यात उभी आहे. काकूंनी पाहिली.

“वर्षभर जेवतात, शर्यती लावतात, हंस मोजतात, म्हणून एकमेकांची तोंडओळख राहते,” काकू म्हणाल्या. “मग शंभर टॅक्सी जमवायच्या तर शंभर फोन पुरतात. तुम्ही दोघं वर्षभर बोलत नाही. उद्या गल्लीत रात्री कुणाला झटका आला तर ट्रॅक्टर पुढे कुणाचा घेणार?”

ह्यावर दोन्ही मंडळांकडे उत्तर नव्हतं. हे म्हणाले, “लेखी ठराव लागेल.” काका म्हणाले, “कार्यकारिणीसमोर ठेवावा लागेल.” म्हणजे झालंच.

ठराव आठवड्यात झाला, दोन्हीकडे एकच मसुदा, कारण तो काकूंनी आणि मी भिंतीवर कागद ठेवून लिहिला. यंदा विसर्जनाला पुढे त्यांचा गणपती, मागे आमचा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गल्ली आमच्याकडे जेवायला आणि पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे. वाढायचं काम यजमान मंडळाच्या पुरुषांचं, हे कलम माझं. आमच्याकडे ईस्टर नाही, म्हणून नंबर गुढीपाडव्याला बदलेल.