उंदीरबंदीच्या मुलखातून

कॅल्गरी,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,


पार्सल पोचलं. ते आलं त्या दिवशी घरात जे रामायण झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर आई बोलू देत नाही आणि बाबा मागून "स्पीकरवर घे, स्पीकरवर घे" एवढंच म्हणत राहतात. म्हणून पत्र. कुकर लावलाय, तो उतरेपर्यंत होईल तेवढं लिहिते. बाकीचं उद्या, उद्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे.

आधी पावती. चकली, अनारसे, लवंग सेव, जिरावण, सगळं सुखरूप. शंकरपाळ्यांचा चुरा झालाय, तो अनिरुद्ध चहात घालून खातो. मोठ्या आत्याला सांग, तिचे लाडू दिवाळीपर्यंत टिकणार नाहीत, आणि ती जे म्हणाली की मी मुद्दाम तिचा फोन घेत नाही, ते खोटं आहे. ती फोन करते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. घड्याळाचा हिशेब तिला दादानं एकदा समजावून सांगावा. तिच्या मते तो आमचा प्रश्न आहे, हे मला माहीत आहे.

आता खोक्याबद्दल. बाबा, नवं खोकं किराण्याच्या दुकानात मागितलं तर फुकट देतात. तुम्ही माळ्यावरचं मिक्सरचं खोकं काढलंत. त्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला. त्यावर तुम्ही चिकटपट्टी लावलीत आणि पट्टीवर मार्करनं 'फ्रॅजाइल' लिहिलंत. अनिरुद्धनं पट्टी सोडवली तर खाली हे भोक, आणि आत पिशव्यांच्या तळाशी चार काळ्या लेंड्या.

जावई तुमचे कसे आहेत ते तुम्ही जाणताच. रिकाम्या रस्त्यावर रात्री बारा वाजता लाल दिव्याला थांबणारा माणूस. तो दोन पावलं मागे सरकला, लेकीला "ओवी, लांब हो," म्हणाला आणि खोकं चिमट्यानं धरून गॅरेजमध्ये नेलं. मी म्हटलं, अरे, इंदूरच्या सुदामा नगरातल्या उंदराच्या लेंड्या आहेत, बॉम्ब नाही. तर म्हणाला, "तुला कळत नाही, आपण अल्बर्टात आहोत."

आई, तू मागच्या रविवारी विचारलंस ना, की "तुमच्याकडे उंदीर नाहीत म्हणे, हे कसं शक्य आहे? आमचं शहर स्वच्छतेत आठव्यांदा पहिलं आलं तरी माझ्या तुळशीखाली घूस आहे." तर ऐक. अल्बर्टा केवढा आहे? महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश शेजारी शेजारी ठेवले तरी हा थोडा मोठाच भरेल. आणि एवढ्या मुलखात मोठ्या उंदरांची वस्ती नाही. १९५० साली पूर्वेकडे, सस्कॅचेवान प्रांताच्या सीमेवरच्या एका शेतात ते पहिल्यांदा सापडले. सरकारनं त्याच वर्षी त्यांना कायद्यानं उपद्रवी ठरवलं आणि सीमेला लागून सुमारे सहाशे किलोमीटर लांब आणि एकोणतीस किलोमीटर रुंद असा पट्टा आखला. त्या पट्ट्यातली शेतं, कोठारं अजूनही दरवर्षी तपासतात. पश्चिमेला रॉकी पर्वत, उत्तरेला थंडी. हा उंदीर इथल्या हिवाळ्यात माणसाच्या घराशिवाय जगत नाही, म्हणून यायची मुख्य वाट एकच उरली आणि ती यांनी अडवली. सुरुवातीला हजारो इमारतींत आर्सेनिकची पूड टाकली होती. आज कोणी तसं केलं तर त्यालाच पकडून नेतील.

इथे आमच्या गल्लीत सस्कॅचेवानहून आलेले एक निवृत्त गृहस्थ राहतात. सगळे त्यांना "उंदीर घेऊन आलात का?" असं विचारतात. ते हसतात, पण दरवेळी थोडं कमी हसतात.

कुकर झाला. थांब.

(रात्री, भांडी लावून झाल्यावर.)

तर कायदा. इथे उंदीर पाळायला मनाई आहे. पांढरा, गोजिरवाणा, दुकानात मिळतो तसलासुद्धा नाही. प्राणिसंग्रहालय, विद्यापीठ आणि संशोधन संस्था सोडून कोणालाही नाही. हॅमस्टर चालतो. ओवीच्या मैत्रिणीकडे हॅमस्टर आहे. तो रात्रभर चाकावर पळतो आणि दिवसा झोपतो, अगदी बंडूमामासारखा. उंदीर दिसला तर कळवायला खास फोन आहे, ३१०-रॅट्स. अनिरुद्धनं तो नंबर फ्रिजवर चिकटवलाय. तुम्हा दोघांचा नंबर त्याच्या खाली आहे.

त्यानं फोन केलाच. मी समोर बसून ऐकत होते. पलीकडच्या बाई फार सभ्य. उंदीर दिसला का? नाही. जिवंत आहे का? माहीत नाही. फोटो आहे का? लेंड्यांचा आहे. त्यांनी विचारलं, पार्सल कुठून आलं? हा म्हणाला, इंदूर, सेंट्रल इंडिया. पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी सांगितलं की उंदीर नसेल तर काही करायचं नाही, खोकं पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा तळ्यातला मस्करॅट नाहीतर बिळातली खार निघते. आमच्या लेंड्या निदान अस्सल होत्या, याचं मला थोडं समाधान वाटलं.

ओवीनं मात्र शाळेत जाऊन सांगितलं, "माझ्या आजीच्या घरात खरे उंदीर आहेत." आई, तू त्या वर्गात आता सर्वांत मोठी व्यक्ती आहेस. त्या मुलांनी उंदीर फक्त कार्टूनमध्ये पाहिलाय. एकानं विचारलं, ते बोलतात का? ओवी म्हणाली, आजीशी बोलतात. हे तू रात्री माळ्याकडे बघून जे म्हणतेस त्यावरूनच.

गणपतीत तिनं आणखी एक प्रश्न काढला होता. तुम्ही दिलेल्या पितळी मूर्तीच्या पायाशी मूषक आहे, तो कायद्यात बसतो का? अनिरुद्धनं बराच विचार करून निकाल दिला की आकारावरून तो पिटुकला आहे, मोठा उंदीर नाही, सबब परवानगी आहे. कारण पिटुकल्यांना इथे बंदी नाही. ते भरपूर आहेत. थंडी पडली की घरात शिरतात, आणि त्यांची गोष्ट आता पैशांवर येते, म्हणून आई, तू बसून वाच.

ऑक्टोबर लागताच रात्री भिंतीत खरखर सुरू झाली. मला फार बरं वाटलं. खरं सांगते, मी डोळे मिटून पडले होते आणि वाटलं, आपल्या मधल्या खोलीत आहे, वर माळा आहे, बाबा आता उठून काठीनं दोनदा ठोकतील. शेजारी अनिरुद्ध उठून बसला आणि गुगल करू लागला.

त्यानं एका कंपनीचा माणूस बोलावला. तो आला, बूट न काढता (इथे सगळे काढतात, यानं त्यावर निळ्या पिशव्या चढवल्या), टॉर्च घेऊन घराभोवती एक प्रदक्षिणा घातली, गॅसच्या नळीशेजारची फट दाखवली, त्यात स्टीलची लोकर कोंबली, वरून काहीतरी पिळलं आणि बिल दिलं. साडेतीनशे डॉलर. वर पाच टक्के जीएसटी. आपले बावीस हजारांच्या वर. बाबा, बावीस हजार. एका भोकाचे.

मी त्या माणसाला विचारलं, यात सिमेंट आणि फुटक्या काचा का नाही घातल्या? तो माझ्याकडे बघतच राहिला. बाबांनी मोरीच्या पाइपाभोवती सिमेंटमध्ये बाटलीच्या काचा ठेचून घातल्या होत्या, ते १९९९ पासून जसंच्या तसं आहे. त्या हिशेबानं बाबांना इथे आणलं तर घराचं कर्ज दोन वर्षांत फिटेल. वहिनीनं खुशाल म्हणावं की मी बाबांची कमाई काढते. काढते.

पण त्यानं एक गोष्ट कामाची सांगितली, ती फुकट. करंगळी जाईल एवढ्या फटीतून पिटुकला आत येतो. म्हणून पिंजरा लावत बसण्याआधी फटी बघा, आणि त्याहीआधी खाणं बघा. आता आई, तुझ्या घुशीकडे येते.

तू म्हणतेस तुळशीपाशी मातीचा ढीग रोज नवा असतो. तो घुशीचाच. रात्री सगळी बिळं मातीनं बुजवायची, सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच चालू. बाकीची सोडून द्यायची. बिळात पाणी ओतायचं नाही, ते घराच्या पायात जातं, दादानं ओतलं होतं ते आठवतं ना. आणि दादानं जी झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणलीय, ती उघडूसुद्धा नका. पोटात ओल लागली की त्यातून विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. शेजारची मांजर आहे, कॉलनीतली पोरं आहेत. पिंजरा लावायचा तर भिंतीलगत, आणि पहिले काही दिवस चाप न लावता नुसतं खाणं ठेवायचं. उंदीर नव्या वस्तूला भितो, मग सरावतो. चिचुंद्री सापडली तर सोडून द्या, ती झुरळं खाते, तिला उंदरांच्या पंक्तीत बसवू नका.

खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते तुला आवडणार नाही. गाईची पोळी तू रात्रीच ओट्यावर काढून ठेवतेस. कबुतरांची ज्वारी गच्चीवर सांडलेली असते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर लोक लग्नाचं उरलंसुरलं टाकतात. कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत दारात येते, इथे तर हिवाळ्यात ओल्या कचऱ्याची हिरवी पेटी पंधरा दिवसांतून एकदा नेतात, आणि तरी घूस तुमच्याकडे आहे. घूस अंगणाच्या हद्दी बघत नाही. तुम्ही एकट्यानं पिंजरे लावून दमाल आणि प्लॉटवर तिचं गोकुळ नांदेल. मोघेकाकू, ते समोरचे, प्लॉटवाला, सगळ्यांनी एका आठवड्यात मिळून केलं तरच. इथे जे झालं ते औषधामुळे कमी आणि प्रत्येक शेतकऱ्यानं आपलं कोठार उघडून दाखवलं म्हणून जास्त झालं, असं माझं मत आहे. पोळी सकाळी काढ. गाय काही रात्री येत नाही.

आणि बाबा, पकडलेला उंदीर स्कूटरवर ठेवून फूटी कोठीपलीकडे सोडायचं बंद करा. तुम्ही येताना दूध आणि पोहे-जिलबी घेऊन परतता तोवर तो घरी पोचलेला असतो, असं आजी म्हणायची. तो नाही आला तरी त्या कॉलनीच्या आजीकडे जातोच.

इंदूरच्या एमवाय रुग्णालयाची बातमी इथेही वाचली. ऑगस्टअखेरीस नवजात बाळांच्या विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि दोन्ही बाळं पुढे गेली. त्यावर मी गंमत करणार नाही. बाबा सांगायचे, १९९४ साली सगळं रुग्णालय रिकामं करून हजारो उंदीर मारले होते. एकतीस वर्षांनी पुन्हा तेच, आणि तेही अशा जागी, जिथे पिल्लासारखी मुलं काचेच्या पेटीत असतात. रात्रभर झोप लागली नाही. ओवीच्या जन्मावेळचे तिचे हात आठवत होते.

पावसानंतर अंगणातल्या मातीत हात घालताना बाबांनी हातमोजे घालावेत, पायाला चीर असेल तर चिखलात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, ब्लीचचं पाणी मारून, जरा थांबून, फडक्यानं उचलायच्या. इथल्या रानउंदरांच्या लेंड्यांतून हंताव्हायरस होऊ शकतो, म्हणून तर तुमचे जावई खोकं चिमट्यानं धरून गेले. त्यांना फार हसू नका. मी हसून घेतलंय.

आता घरच्या बातम्यांवर. वहिनीनं डायनिंग टेबल विकलं हे दादानं नाही, बंडूमामानं सांगितलं. आता पत्ते कुठे खेळणार? सीमाच्या मुलाचं लग्न ठरलं हे ऐकून आनंद झाला, पण मुलगी पुण्याची म्हणून मावशी रडली, हे मला पटत नाही. पुण्याची माणसं सराफ्यात रात्री गराडू खाऊन बघतील तर आपोआप सुधारतील. मोघेकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? त्यांना सांग, गाडीनं ने-आण दादा करेल. दादाला नंतर सांग.

आम्ही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय. तिकिटं झाली. ओवीनं वर्गाला वचन दिलंय की ती खऱ्या उंदराचा फोटो आणेल, म्हणून बाबा, कॉलनीची मोहीम जोरात करा, पण नाताळच्या आधी संपवू नका. एक शिल्लक ठेवा.

तुमची,
छकुली

ता. क. आत्याला लाडवांचं मी लिहिलंय हे सांगू नकोस, नाहीतर ती आणखी पाठवेल आणि बाबा पुन्हा माळ्यावर चढतील.