नियंत्रित गटाचे सर

मंद्रूपच्या मैदानावर सकाळी सहाला गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेतलेला माणूस दिसला, तर तो शारीरिक शिक्षणाचा शिक्षक समजावा. पोरं पळत असताना शिट्टी न वाजवता तो वहीत आकडे लिहीत असेल, तर तो पीएच.डी. करतोय. आणि आकडे लिहिता लिहिता घड्याळ बघून एकदम मोटारसायकलकडे धावत सुटला, तर त्याचा कॉलेजात पहिला तास आहे.

कॉलेजात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचं, असं हे सर नोंदणीच्या वेळी सांगतात. तो उरलेला वेळ अजून कुणाला दिसलेला नाही. संशोधक विद्यार्थ्यावर आठवड्याला 4 ते 6 तासांचं अध्यापन सोपवता येतं, असं यूजीसीच्या 2022 च्या नियमांत आहे. सर तासिका तत्त्वावर आहेत, त्यामुळे हा आकडा त्यांनी दिवसाचा धरलाय. गाव विजापूर रस्त्यावर आणि विद्यापीठ शहर ओलांडून पुणे रस्त्यावर केगावला. गाईडनी सिनॉप्सिसमध्ये एक स्वल्पविराम बदलायला सांगितला, तरी अख्खं सोलापूर पार करावं लागतं.

विषय असा : ‘दक्षिण सोलापूर तालुक्यातील ग्रामीण महाविद्यालयीन मुलांच्या हृदयरक्ताभिसरण क्षमतेवर बारा आठवड्यांच्या निवडक व्यायाम कार्यक्रमाचा होणारा परिणाम – एक अभ्यास’. हे एका दमात म्हणता आलं, तर म्हणणाऱ्याची क्षमता चांगली समजायला हरकत नाही.

क्षमता मोजायला हार्वर्ड स्टेप टेस्ट. अमेरिकेत 1943 साली निघालेली ही चाचणी साधी आहे : वीस इंच उंच बाकावर मिनिटाला तीस वेळा, असं पाच मिनिटं चढायचं-उतरायचं आणि मग नाडी मोजायची. बाक गावच्या सुतारानं करून दिला. पण तेव्हापासून सरांना पायरी ही पायरी दिसेनाशी झालीय. देवळात गेले तरी आधी पायरीची उंची वितीनं मोजतात, मग हात जोडतात. लग्नात आहेर देताना नवरदेवाचा हात हातात आला की बोटं आपोआप मनगटावर सरकतात.

वर्गातही तेच. एखादा म्हणाला, “सर, पाय दुखायलाय, ग्राउंडला येत नाही,” तर पूर्वी सर विचारायचे, “कुठं दुखतंय?” आता म्हणतात, “म्हणजे नमुन्यातून एक गळाला!” आणि वहीत नोंद करतात.

खरी पंचाईत मात्र नियंत्रित गटाची. प्रयोगाचा नियमच तसा आहे. निम्म्या पोरांना बारा आठवडे व्यायाम द्यायचा आणि उरलेल्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही, तरच फरक दिसणार. आता ज्या माणसानं उभा जन्म ‘पळा रे’ म्हणण्यात घालवला, त्यानं निम्म्या पोरांना ‘पळू नका रे’ म्हणायचं! आणि पोरं ऐकतील तर ना. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 मीटरला. त्यामुळे सगळा नियंत्रित गट पहाटे अंधारात रस्त्यावर. सर एकाच्या घरी समजूत घालायला गेले, तर बाप म्हणाला, “भरती तोंडावर आलीय. तुमच्या वहीपायी पोरगं बसवून ठेवू का हो सर?”

तरी पोरांनी घात केला असं म्हणता येणार नाही. घात केला सरांनीच. एका पहाटे त्यांनी नियंत्रित गटातल्या एका पोराला टाच आपटत पळताना बघितलं. संशोधक म्हणून त्यांनी मान फिरवायला हवी होती. ती फिरली नाही. “अरे, टाच काय आपटतोस! हात कोपरात वाकव, खांदे सोड!” असं ओरडत ते त्याच्याबरोबर तेरामैलच्या दिशेनं पळत गेले. दुसऱ्या दिवशी तिथं चौघं उभे होते. आठवड्याभरात अख्खा गट.

बारा आठवड्यांनी उत्तरचाचणी झाली. दोन गटांची तुलना टी-चाचणीनं करतात. ही चाचणी विल्यम गॉसेटनं 1908 साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं मांडली आणि तो नोकरीला होता डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात. दरवर्षी व्यसनमुक्तीची फेरी काढणाऱ्या सरांनी ही माहिती प्रबंधात घ्यायची टाळलीय. पण बिअरवाल्याच्या सूत्रानं खरं ते सांगितलं : दोन्ही गट सुधारले, दोघांत लक्षणीय फरक नाही, शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

सर आठवडाभर जेवले नाहीत धड. वास्तविक परिकल्पना नाकारली गेली नाही म्हणून कुणाचा प्रबंध बुडत नाही. ‘फरक आढळला नाही’ हाही निष्कर्षच असतो. बुडाली ती प्रयोगाची शिस्त, आणि तिचा खुलासा ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणात दोन ओळींत करता येतो. संशोधक म्हणून सरांना काठावर पास करावं लागेल. मास्तर म्हणून पैकीच्या पैकी.

तेव्हा तुमच्या गावात असे सर आले आणि तुमच्या पोराला नियंत्रित गटात घालतो म्हणाले, तर बिनघोर सही द्या. पोरगं पळायचं काही राहत नाही.