ॲव्हरेजरावांस अनावृत पत्र

श्री. ॲव्हरेजराव यांस,
मु. पो. डॅशबोर्ड, एमएच-२८, जि. बुलढाणा.



पत्रास कारण की, गाडीचे चारही टायर बदलायचे आहेत आणि त्यात आपण लक्ष घालणार हे ठरलेलंच आहे. आपण लक्ष घातलं नाही अशी गोष्ट आमच्या घरात आता उरलेली नाही. गाडीचा रंग तेवढा आम्ही निवडला. बाकी पेट्रोल घ्यायची की हायब्रिड, मे महिन्यात मलकापूरला उतरताना एसी दोनवर ठेवायचा की तीनवर, बोथा घाटात समोरच्या ट्रॅक्टरला ओलांडायचं की त्याच्या मागे मागे कापसाचं बोंड न् बोंड मोजत जायचं, सगळं आपल्या सल्ल्यानं चालतं. लग्नाला निघालेल्या मावशींना 'तुम्ही दुसऱ्या गाडीत बसा, इकडे वजन होतंय' असं आपल्यासाठी सांगितलं गेलं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

आपला मानही तेवढा मोठा. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जोडगोळीच्या स्ट्राँग हायब्रिडला एआरएआयच्या प्रमाणपत्रात लिटरला २७.९७ किलोमीटर लिहून मिळाले. अठ्ठावीस नाही, २७.९७! जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे धान्याचे दाणे कुठे सरकले ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात. पण तेही 'जूनमध्ये कमी, ऑगस्टमध्ये बरा' इथवर थांबतात, दशांशात शिरत नाहीत. आपला आकडा मात्र खोलीतल्या रोलरवर चाकं फिरवून काढलेला. त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही, रस्त्यात राजूर घाट लागत नाही आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी आपल्याकडे असतात तसले पाठीचा मणका मोजणारे गतिरोधकही नसतात. तरी आम्ही आपल्याला मानतो. मुद्दा फक्त टायरचा आहे.

पुढचे दोन टायर गेले आहेत. नक्षीच्या खोबणीच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचा एक आडवा रबरी उंचवटा असतो. त्याच्या रेषेत टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं दिसतात. नक्षी झिजून त्या उंचवट्याशी सपाट झाली की कायद्याच्या हिशेबानंही टायर संपला. आमच्या पुढच्या टायरांवरून बोट फिरवलं तर ते आता कुठे अडतच नाही. मागच्या दोघांत थोडी खोली शिल्लक आहे, तिच्यात काळी माती वाळून बसली आहे आणि गिट्टीचा एक खडा रुतलेला आहे. पुढचे आधी जाणारच होते. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते आणि हायब्रिडची मोटर पाय दाबल्या क्षणी जोर लावते. थांबतानाही बराचसा भार मोटरच उचलते, बॅटरी भरते, ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात आणि त्याचं कौतुक आपल्या खात्यात जमा होतं. पण ओढायचा जोर असो की थांबायचा, रस्त्यापर्यंत जातो तो टायरच्या रबरातूनच.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस झपाट्यानं गळायला लागले तेव्हा तपासायला आयसीएमआरचं पथक आलं. टायरच्या टकलाकडे पाहायला कोणी येत नाही. तिथे आपण असता, 'अजून पाच हजार निघतील' असं कानात सांगत.

यात आपला स्वार्थ आहे हे मला अलीकडे कळलं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय. आमच्या गाडीचा साइज २१५/६० आर १७. हा टायर नवा असताना उभा धरला तर साधारण ६९० मिलिमीटर भरतो. नक्षी ८ मिलिमीटरवरून २ वर आली की दोन्ही बाजूंनी मिळून व्यास १२ मिलिमीटरनं घटतो, म्हणजे पावणेदोन टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच वाटेला फेरे जास्त लागतात, आणि गाडी रस्ता मोजत नाही, फेरे मोजते. म्हणजे टायर जसजसे झिजत गेले तसतसे आपण न चाललेले किलोमीटर स्वतःच्या नावावर लावत गेलात! वर पातळ नक्षीचं रबर कमी दबतं, कमी तापतं, त्यामुळे झिजलेला टायर खरोखरही हलका लोळतो. आपली प्रकृती सगळ्यात ठणठणीत कधी असते, तर टायर मरायला टेकलेला असतो तेव्हा.

आणि मग नवे टायर टाकले की लोक आठवड्याभरात दुकानदाराची कॉलर धरायला येतात, 'तुझ्या टायरनं ॲव्हरेज पाडलं.' बिचारा दुकानदार काय बोलणार? चाक पुन्हा मूळ मापाचं झालं आणि आपली वरकमाई बंद झाली, हे त्यानं गिऱ्हाइकाला कसं पटवावं? तो चहा मागवतो.

आमचा दुकानदार मात्र चहा मागवणाऱ्यांतला नाही. त्याचा मुख्य धंदा ट्रॅक्टर आणि पिकअपचा. सतरा इंची गाडीचा टायर त्याच्याकडे पडून नसतो. 'मागवला का परवा येते अकोल्याहून,' म्हणाला. मी सवयीनं आपलं नाव काढलं: यातला ॲव्हरेजला चांगला कोणता? त्यानं हातातला पाना खाली ठेवला. 'भाऊ, तुमाले पेट्रोल वाचवाचं हाये का गाडी थांबवाची हाये?' काय बोलणार, राजेहो.

त्याच्या बाकावर बसून मी मोबाइलवर हिशेब मांडला, तो आपल्यालाही कळावा. टायर ४०,००० किलोमीटर चालतील असं धरू. आपण लिटरला २० देता असं धरू. प्रमाणपत्राचं आपण चारचौघांत बोलू, इथे नको. म्हणजे २,००० लिटर पेट्रोल. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे लोळताना रबर दबण्या-उसळण्यात जी ताकद वाया जाते ती, १० टक्क्यांनी घटली तर इंधन १ ते २ टक्के वाचतं. आपल्या मानाखातर पुरते दोन धरले: ४० लिटर. लिटरला १०५ रुपये लावले तर ४,२०० रुपये. टायरमागे एक हजार पन्नास, तेही टायरच्या सबंध आयुष्यात. एवढ्या रकमेसाठी आपण घरात तीन आठवडे सभा भरवलीत, पुण्याच्या साडूभाऊंना फोनवर घेतलंत आणि त्यांनी इलेक्ट्रिक गाडीवर दिलेलं व्याख्यान आम्हाला ऐकवलंत.

खोटं बोलत नाही, आपला दावा अगदीच पोकळ नाही. एसयूव्हीला शोभतात म्हणून कोणी जाड दातांचे ऑल-टेरेन टायर चढवले किंवा रुबाबासाठी रुंदी वाढवली, तर नुकसान एक-दोन टक्क्यांवर थांबत नाही, आणि मग हायब्रिडला मोजलेले जादा पैसे लोळण्यातच जातात. म्हणून साइज तोच ठेवतोय. त्यापुढचा ९६ हा आकडाही तोच: एका टायरनं ७१० किलो पेलायचे. बॅटरी-मोटरचं वजन वाहणाऱ्या गाडीला त्याच्या खालचा टायर 'बसतो की' म्हणून देणारे आहेत. बसतो, हे खरं आहे. रिमवर बसतो.

पण फ्रिजवर असतात तसे तारे आता ऊर्जा दक्षता ब्युरो टायरलाही देतो, आणि ते मिळतात मुख्यतः कमी रोलिंग रेझिस्टन्ससाठी. म्हणजे परीक्षक आपणच. ओल्या रस्त्यावर टायर किती धरून थांबतो, हे दुकानात गिऱ्हाइकाला कोण सांगणार? एआयएस-१४२ या मानकानं ऑक्टोबर २०२२ पासून नव्या डिझाइनच्या टायरांना रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींची किमान पातळी घालून दिली, हे चांगलं झालं. पण काठावर पास कोण आणि पहिला कोण, हे त्यातून समजत नाही. युरोपात एकाच लेबलवर इंधन आणि ओली पकड शेजारी शेजारी छापतात, ए ते ई अशा अक्षरांत. तिथल्या चाचण्या वाचून एखादा टायर मनात भरावा, तर तो इथे मिळेलच असं नाही. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. रबराची गंमत अशी की हलकं लोळणं, ओल्यात चिकटणं आणि जास्त दिवस टिकणं ही तिन्ही एका रबरात सुखानं नांदत नाहीत. सिलिका घालून कंपन्या त्यांच्यात समेट घडवतात, पण त्या समेटाची किंमत बिलात लागते.

आता ती परवडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. वाचलेले पैसे आपल्याकडे न देता ओल्या पकडीत घालायचे असं मी ठरवलं आहे.

कारण आम्ही गाडी रोलरवर चालवत नाही. श्रावणात खामगावकडे जाताना ज्ञानगंगेच्या जंगलातला रस्ता ओल्या पानांनी बुळबुळीत असतो, आणि वळणापलीकडे नीलगाय उभी असेल की नाही हे आपल्या स्क्रीनवर दिसत नाही. दुसऱ्या अंगाला समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाहून आम्ही काँक्रीटवर १२० नं जायला लागलो. ८० चे १२० झाले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट होतं.

त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्यावर मी उपरोधानं काही लिहिणार नाही. एवढंच नोंदवतो की टायर फुटला असं चालकानं सांगितलं होतं, आणि अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालानं टायर फुटल्याचा पुरावा सापडत नसल्याचं म्हटलं. त्याच वर्षी समृद्धीवर चढण्याआधी गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात झाली, गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं गेलं. परत आलेले काही जण गावात येऊन तपासणाऱ्यांनाच शिव्या घालत होते. त्यांची गाडी चांगलं ॲव्हरेज देत होती ना.

आणखी एक तक्रार आहे. 'हवा चाळीस मार' हे वाक्य पंपावर आपणच लोकांच्या तोंडी घालता. टायर दगडासारखा कडक केला की तो हलका लोळतो, मान्य. पण मग रस्त्याला टेकतो तो नुसता मधला पट्टा. पकड गेली, मध्येच झीज आली आणि मावशींची कंबरही गेली. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर छापलेलं असतं, आणि ती मोजायची टायर थंड असताना. खामगावच्या उन्हात तासभर पळवलेल्या गाडीची हवा जास्त दिसली म्हणून काढून टाकणारे वेगळे महाभाग आहेत. कमी हवेचा टायर बगलेतून वाकत राहतो, वाकून तापतो, आणि बेतायचं ते तिथूनच बेततं.

तर आपल्याला कळवण्यात येतं की टायर ठरले. अकोल्याहून आले तेव्हा मी दुकानासमोर उकिडवा बसून, मोबाइलची बत्ती लावून प्रत्येकाच्या बगलेवरचे शेवटचे चार आकडे वाचले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिघे एकाच महिन्यातले होते, चौथा त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला. तो परत पाठवला. दुकानदारानं वाद घातला नाही. 'पाह्यलं तं बरं केलं' एवढंच म्हणाला आणि अकोल्याला फोन लावून माझ्यापेक्षा जास्त चढ्या आवाजात बोलला. चौथा आला की अलाइनमेंट, बॅलन्सिंग करून, नवे वॉल्व्ह घालून चौघेही चढतील.

त्यानंतर पहिले काही दिवस आपला आकडा खाली येईल. आपण स्क्रीनवर पिवळे पडाल, घरात कुजबुज होईल, साडूभाऊंचा फोन येईल. त्या काळात आपण शांत राहावं, वरच्या हिशेबातलं व्यासाचं कलम पुन्हा वाचावं आणि कोणी विचारलंच तर 'प्रकृती पूर्ववत होत आहे' असं सांगावं. मावशींना पुढच्या लग्नाला आपल्याच गाडीतून नेण्याचं कबूल केलं आहे, याचीही नोंद घ्यावी.

आपला,
एक हायब्रिडधारक

ता. क. : टायर तपासताना डिकीतली स्टेपनी बाहेर काढली. अरुंद चाकाची, ८० च्या वर पळवू नये असं तिच्यावर लिहिलेलं, गाडीइतक्याच वयाची. हवा निम्म्याहून कमी होती. भरून घेतली. आपल्याशी तिचा काडीचाही संबंध नसल्यामुळे तिच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.