तुटवडा माणसांचा नाही

सायबरसुरक्षेत माणसंच मिळत नाहीत, अशी ओरड आहे. आयएससी-टू या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत जगभरातली तूट ४८ लाखांच्या घरात होती. क्लासवाले हा आकडा सांगून फिया घेतात. त्याच पाहणीत तुटवड्याचं पहिलं कारण काय निघालं, ते मात्र सांगत नाहीत. कारण होतं, बजेट नसणं. माणसं हवीत, पैसे सोडायचे नाहीत, असा हा तुटवडा आहे.

पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या एसओसीत, म्हणजे सुरक्षा देखरेख केंद्रात, चोवीस तास अलर्ट बघणाऱ्या एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या पोरांना विचारा. नवख्याचं पॅकेज अनेक ठिकाणी वर्षाला साडेतीन-चार लाख. नाइट शिफ्ट आलीच, दिवाळीतसुद्धा. वर चढायचं तर सर्टिफिकेट हवं. ओएससीपी या सर्टिफिकेटची परीक्षा पावणेचोवीस तासांची, आणि कोर्ससकट खर्च लाखाच्या वर. तो बहुतेकांनी पदरमोड करूनच भागवायचा. शिवाय एंट्री लेव्हलच्या जाहिरातीतही दोन वर्षांचा अनुभव मागतात. पहिली नोकरी कुणीच देणार नसेल, तर हा अनुभव आणायचा कुठून?

खरी पगारवाढ होते ती कंपनी बदलल्यावर. इन्क्रिमेंटच्या वेळी हात आखडणारे मॅनेजर बाहेरची ऑफर दिसली की जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. आपल्या नेटवर्कवर रोजचं काय आणि वेगळं काय, हे नजरेने ओळखणारा माणूस निघून जातो. ती नजर विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर येत नाही.

तिची किंमत पुण्याला ठाऊक असायला हवी. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे काढले गेले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेतून आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. चोर सुट्टी बघूनच येतो, म्हणून सुट्टीच्या रात्री जागणाऱ्याला नीट पगार द्यायचा असतो.

आता कायदाही कडक झाला आहे. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींची आहे. एवढी जोखीम डोक्यावर असताना पहारेकऱ्याच्या पगारात काटकसर करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुम्ही सभासद असाल तर यंदा लाभांशाबरोबर एवढंही विचारा: रात्री आपल्या बँकेचे अलर्ट कोण बघतं, आणि त्याला पगार किती देता? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.