दिवसा झोपणारी पोरगी

झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला रात्र जागून काढायला शिकवावं लागत नाही, या भरवशावर मी नर्स झाले. दिवाळी सरली की आमच्याकडे नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री पडदा उघडतो आणि कोंबडा आरवायच्या सुमारास खलनायक एकदाचा मरतो. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. माझ्या मते समोर बसणाऱ्यांचाही कधीतरी विचार व्हायला हवा. थंडीत चादर गुंडाळून पहाटेपर्यंत बसणं ही काही सोपी कला नाही, आणि मी ती लहानपणापासून करत आले होते. म्हणून तालुक्यातल्या एका दवाखान्यात नोकरी लागल्यावर इन्चार्ज सिस्टरांनी "नाईट जमेल ना?" विचारलं, तेव्हा मी नुसती हसले. ते हसू त्यांनी लक्षात ठेवलं आणि पहिल्याच महिन्यात नाईट लावली.

आईने डबा भरला. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे डबा म्हणजे भात, आणि पोरगी रात्रभर उपाशी राहील या काळजीने वर आणखी भात. अकराला तो पोटात गेला आणि बाराला त्याने आपलं काम सुरू केलं. तेव्हा मला नाटकाविषयी एक गोष्ट आठवली, जी नोकरी धरण्याआधी आठवायला हवी होती: नाटकात मी बऱ्यापैकी झोपत असे. विनोदी पात्र आलं किंवा लावणी सुरू झाली की शेजारची मावशी कोपराने ढोसायची. नायिकेचं दुःख मी एकही वर्ष संपूर्ण पाहिलेलं नाही. वॉर्डात ढोसायला कोणी नव्हतं आणि लावणीही नव्हती.

खरी परीक्षा झाली ती रोवणीच्या दिवसांत. मध्यरात्र उलटून गेल्यावर एका तरुणाला घेऊन त्याची आई आणि काका आले. जमिनीवर झोपला होता, काहीतरी चावलं म्हणत होता. डॉक्टरांना मण्याराची शंका. मण्यार मोठा सभ्य साप. रात्री अंथरुणात येतो, चावलेलं फारसं दुखत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. मग काही तासांत पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि पुढे श्वासावर येतं. डॉक्टरांनी मला समोर स्टुलावर बसवलं आणि दोन कामं दिली. एक, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची. गोठलं नाही तर घोणस-फुरशासारखं विष. दोन, पेशंटला वर बघायला लावून त्याची पापणी खाली येते का, हे पाहत राहायचं.

न हलणाऱ्या नळीकडे वीस मिनिटं बघणं आणि मधूनमधून कोणाची पापणी मिटते का ते तपासणं, यापेक्षा झोप आणणारं काम वैद्यकशास्त्राला सुचलं नसतं. तो तरुण भीतीने डोळे टक्क उघडे ठेवून बसला होता. त्याची आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "या बाईलेबी चावला का जी?"

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. लक्षणं सगळी जुळत होती: पापण्या जड, मान खाली, बोलणं अडखळत. नळीसमोर ब्रदर येऊन बसले आणि माझी रवानगी नळाखाली तोंड धुवायला झाली. वीस मिनिटांनी रक्त छान गोठलेलं निघालं. पोराला पुढचा सगळा दिवस नजरेखाली ठेवलं, त्याला काही झालं नाही. तो हसत घरी गेला. जाताना त्याच्या आईने मला "सांभाळून राय वो बाई" असं बजावलं.

माझ्या बाजूने विज्ञान आहे. शरीरातल्या घड्याळाचं यंत्र उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांनी ते शोधलं फळमाशीत. फळमाशीलाही ठरलेल्या वेळी झोप लागते, तर स्टाफ नर्सला का लागू नये? पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि मेंदू दुकान बंद करतो. अशाच एका वेळी रिपोर्ट बुक लिहून मी सकाळी ओव्हर देताना वाचून दाखवलं, "रात्रभर शांत झोप लागली." इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, "कोणाला?"

मग उपाय सुरू झाले. गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. तिथल्या मैत्रिणीच्या आजीने मला मीठ-लोण्याचा चहा पाजला. अंगात अशी ऊब आली की ड्युटीच्या आधीच दोन तास गाढ झोपले. साधा चहा त्याच्या उलट. चहातल्या कॅफिनपैकी अर्धं रक्तातून जायलाच पाचेक तास लागतात. चारला घेतलेला चहा मला चारला जागं ठेवत नसे. तो नऊ वाजता, अंथरुणावर पडल्यावर कामाला लागे.

तोवर मी घरी पोचलेली असे, पोचले तर. एकदा एस्टीत डोळा लागला, गाव मागे राहिलं आणि कंडक्टरने उठवलं ते थेट केशोरीला. केशोरीची मिरची प्रसिद्ध आहे. मी तीन किलो घेतली आणि घरी सांगितलं की मुद्दामच गेले होते. आई म्हणाली, "डबा घेऊन का नाही गेलीस मग? कंडक्टर देऊन गेला."

पण रात्र हा माझा खरा शत्रू नव्हताच. नाटकानंतर मी दुपारपर्यंत झोपायचे, कारण सगळं गावच झोपलेलं असायचं. आता झोपणारी मी एकटी आणि जागं आमचं अख्खं प्रतापगड गाव. आमच्या गावात दिवसा झोपायची परवानगी बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. मी पहिली नव्हे हे गावाला माहीत होतं, म्हणून सगळे दुसरीची चौकशी करायला येत. "काहून वो, पोरगी बिमार हाये का?" आईने कंटाळून दारावर पुठ्ठा लावला: 'सिस्टर झोपली आहे.' त्यानंतर लोक दार वाजवून विचारू लागले, खरंच झोपली आहे का? आणि जागीच आहे तर बीपी बघून देईल का?

महाशिवरात्रीला तर कळसच झाला. आमच्या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही. यात्रेला हिंदू-मुसलमान सगळेच येतात आणि लाउडस्पीकर दोघांनाही प्रिय. घर पाहुण्यांनी भरलं. मी धानाच्या पोत्यांमागे सतरंजी टाकून झोपले. मामेभावाने पोतं ओढलं, तर त्यामागून पांढऱ्या युनिफॉर्ममधली बाई उठून बसली. तो अजून ती खोली एकटा ओलांडत नाही.

हळूहळू मात्र शरीराने हार मानली आणि ते रात्रीचं झालं. आता डब्यात भात कमी असतो, घरी येताना मी डोळ्यांवर ओढणी बांधते आणि पहाटे चारला टक्क जागी असते. नाईट ऑफलासुद्धा. परवा तशीच घरी जागी झाले. वॉर्डात ती टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, घ्यायची वेळ. हात रिकामे बसेनात. आजीची नाडी मोजली, आईचा ताप बघितला आणि घोरणाऱ्या बाबांच्या काखेत थर्मामीटर सरकवला.

बाबांनी एक डोळा उघडला. "सुट्टी कोनाले हाये वो," ते म्हणाले, "तुले का आमाले?"